दारात ठेवलेला फत्तर

नाना, तुमच्या दारातला फत्तर फुटला. नुसती कपची उडायला हवी होती, तो अख्खा मधोमध फुटला. तुम्ही तिथंच होतात, दोन हातांच्या अंतरावर, पांढऱ्या कापडाखाली. तरी मी सांगते, कारण तुमच्यासमोर मी सांगितलं फार कमी आणि ऐकलं फार. "मने, तोंड वापर गं," तुम्ही म्हणायचात. "झिजत नाय ते."

मी तुमच्या सख्ख्या भावाची मुलगी, आणि तुमच्या घरी चोरून यायचे. दर दिवाळीला आई पप्पांना सांगायची, "फडके रोडला जाऊन येतो, हिला ड्रेस घ्यायचाय." आम्ही बाळकुमहून निघायचो, डोंबिवलीला उतरायचो आणि रिक्षा करून थेट तुमच्या खदानीत. परतताना पुरावा म्हणून काहीतरी विकत घ्यावं लागायचं. कधीच न घातलेल्या ओढण्यांचा एक गठ्ठा माझ्या कपाटात आहे, तो सगळा तुमच्या नावाचा. पप्पांना कळत नसेल असं नाही. आम्ही घरात शिरलो की ते आमच्या चपलांकडे बघायचे. खदानीची राखाडी भुकटी साध्या पुसण्याने जात नाही. ते काही विचारायचे नाहीत. काठी टेकत उठायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

तुम्ही दोघं भाऊ मी जन्मायच्या आधीपासून बोलत नव्हता. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पप्पांचा डावा गुडघा वाकत नाही आणि तो खदानीत दगड पडून मोडला, एवढंच घरात सांगितलं जायचं. डॉक्टरलाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

तुमच्या वस्तीची मला भीती वाटायची, नाना. तिथं सगळं आदळूनच व्हायचं. दारं, हंडे, माणसं. संध्याकाळी लाल फडकं वर चढायचं आणि सुरुंग उडवण्याआधी खदानीच्या कड्यावरून तुमचा आवाज यायचा, "होऽऽ बाऽऽर!" तीनदा. पहिल्या हाकेला बायका पोरं उचलायच्या, दुसरीला काकू पिठाच्या परातीवर झाकण ठेवायची, तिसरीला सगळे भिंतीला पाठ लावून बसायचे. मग जमीन खालून लाथ मारायची. मांडणीवरची ताटं थरथरायची आणि पत्र्यावर दगड पडायचे, कधी चिंचोक्याएवढे, कधी नारळाएवढे. एकदा शेजारच्यांचा पत्रा फोडून एक दगड पाळण्यात पडला. बाळ काकूच्या मांडीवर होतं म्हणून वाचलं. तुम्ही आलात, पत्र्याच्या भोकातून आकाश बघितलं आणि म्हणालात, "चला, घरात उजेड झाला." सगळे हसले. काकूने लाटणं फेकलं, ते तुमच्या कपाळाला लागलं. रक्त आलं तरी तुम्ही हसतच होतात.

दर वेळी लाटणंच फेकलं जायचं असं नाही. एका दिवाळीत काकू मला उटणं लावत होती आणि तिच्या मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ होते. तिने बांगड्या खाली ओढल्या. मी उटण्याच्या वाटीकडे बघत राहिले. आज सांगते, मी ते बघितलं होतं. तुम्ही गेलात म्हणून ते पुसलं जाणार नाही.

मी सातवीत असताना खदान बंद झाली. खड्ड्यात पाणी साठलं, कडेने टॉवर उभे राहिले, आणि ज्या कड्यावरून तुम्ही हाळी द्यायचात तिथं मोठा बोर्ड लागला, त्यावर 'लेक व्ह्यू' आणि खाली 'स्विमिंग पूल' लिहिलेलं. घरं पाडायला जेसीबी आला तेव्हा तुम्ही त्याच्या काचेवर पहिला दगड घातलात. पोलिसांनी तुमच्या पाठीवर काठ्या मोडल्या. शेवटी एक रांग तेवढी वाचली, तुमची. तुमची माणसं त्याच टॉवरांच्या गेटवर वॉचमन झाली. तुम्ही नाही झालात. "लेक!" तुम्ही बोर्डाकडे बघून थुंकायचात. "तळाला किती जणांचं रक्त हाय, ते बाल्कनीतून दिसतं का, विचार की त्यांना इंग्लिशमध्ये."

मग मी एका वर्षासाठी शिकायला स्कॉटलंडला गेले. शहरातलं भाडं परवडेना, म्हणून बसने तासभर अंतरावरच्या एका लहान गावात खोली घेतली. ते गाव कोळशाच्या खाणीसाठी वसवलेलं होतं, आणि खाण कधीच बंद झाली होती. मी त्या गावाबद्दल आईला सांगितलं नाही, मैत्रिणींना सांगितलं नाही. तुम्हाला फोन केला. तोपर्यंत मी तुम्हाला स्वतःहून कधी फोन केला नव्हता. काकूने उचलला, आणि मागून तुम्ही ओरडलात, "कोण, मनी? मेली का काय तिकडं थंडीनं?"

तुम्हाला ते गाव बघायचं होतं. मी मोबाइल समोर धरून चालत गेले आणि तुम्ही डोंबिवलीत खाटेवर बसून माझ्याबरोबर चालत होतात. एकच मोठा रस्ता. दोन्ही बाजूंना एकासारखी एक बुटकी घरं, एकमेकांना चिकटलेली. "चाळच की गं ही!" तुम्ही म्हणालात. फळ्या मारून बंद केलेला कामगारांचा क्लब. एक दुकान, त्यात पाव, सिगारेटी आणि लॉटरी. चौकात खाणीचं जुनं लोखंडी चाक अर्धं जमिनीत पुरलेलं आणि त्याभोवती पिवळी फुलं. तिथं तुम्ही मला थांबवलंत.

"हे कशाला ठेवलंय?"

"आठवण म्हणून."

"आणि फुलं?"

"शोभेला."

"चाक माणसं खाली न्यायचं ना? समदी वर आणायचं का?"

मी भिंतीवरच्या नावांकडे कॅमेरा फिरवला. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण वर तारीख आणि खाली नावं, हे तुम्हाला वाचून दाखवावं लागलं नाही. एकाच आडनावाची तीन नावं एकाखाली एक होती. तुम्ही ती मोठ्याने मोजलीत. मग म्हणालात, "आपल्याकडं बोर्डावर स्विमिंग पूल लिवलाय."

गावामागे कोळशाच्या कचऱ्याचा डोंगर होता, आता त्यावर गवत उगवलेलं. लोक तिथं कुत्री फिरवायचे. मी वर चढले, वारा असा की फोन हातातून जाईल. तुम्ही म्हणालात, "कुणी हाय का तिथं?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग दे हाळी."

"नाना, नको."

"दे म्हणतो ना! खाणीच्या कडेला उभी ऱ्हाऊन गप बसतीस? पोटातून काढ, गळ्यातून नको."

मी इकडेतिकडे बघितलं आणि ओरडले. पहिल्यांदा मांजरीसारखं. तुम्ही शिव्या घातल्यात. दुसऱ्यांदा बरं. तिसऱ्यांदा "होऽऽ बाऽऽर!" असा निघाला की खालच्या वाटेवरचा कुत्रा भुंकायला लागला आणि त्याचा मालक मान वर करून बघायला लागला. शाळेत मी हजेरीसुद्धा हळू द्यायचे. तो आवाज माझा आहे हे मला पटेना. तुम्ही तिकडे टाळ्या वाजवत होतात आणि खोकत होतात.

तो कुत्र्याचा मालक म्हणजे टॅम. माझ्या शेजारचे म्हातारे, खाण बंद होईपर्यंत तिथंच कामाला होते. त्या दिवसापासून ते मला बोलावून चहा द्यायचे, आणि मी तुम्हा दोघांना फोनवर समोरासमोर बसवायचे. त्यांचं इंग्रजी मलाच अर्धं कळायचं. तुम्ही त्यांना हात दाखवायचात, ते त्यांचे दाखवायचे. कुणाचं बोट कुठे तुटलंय याची तुमची चढाओढ चालायची.

एकदा टॅमनी संपाची गोष्ट सांगितली. गावाने मोठा संप केला होता. महिने गेले, घराघरात शेगड्या विझल्या, आणि त्यांचा धाकटा भाऊ पोलिसांच्या गाडीत बसून कामावर गेला. टॅमनी त्या दुपारी भावाच्या घराच्या सगळ्या खिडक्या फोडल्या. आत भावाची बायको होती. त्यानंतर दोघं त्याच रस्त्यावर म्हातारे झाले आणि एकदाही बोलले नाहीत. भाऊ मेला तेव्हा टॅम रस्त्यापलीकडे उभे राहिले. शवपेटी समोरून गेली, त्यांनी टोपीसुद्धा काढली नाही.

मी वाक्य-वाक्य करून तुम्हाला मराठीत सांगत होते. तुम्ही म्हणालात, "नुसत्या काचा फोडल्या?"

मला वाटलं तुमची नेहमीची चेष्टा. मग तुम्ही कॅमेऱ्याकडे न बघता म्हणालात, "मी घण घेतला हुता."

तसं ते मला कळलं, नाना. हजारो मैलांवर, परक्याच्या स्वयंपाकघरात, हातात चहाचा मग. तुमच्याकडे एक माणूस न उडालेला बार तपासायला गेला आणि तो बार त्याच्या तोंडावर उडाला. मालकाने दुसऱ्याच दिवशी त्याच जागी काम सुरू करायला सांगितलं. तुम्ही संप केलात. दुसरा महिना लागला, आईला माझ्या वेळचे दिवस गेलेले, घरात शिजवायला काही नाही, आणि पप्पा संप मोडून दगड भरडायच्या क्रशरवर कामाला गेले. तुम्ही क्रशरपाशी वाट बघत होतात. "त्यो म्हणला, नाना, घरात दाणा नाय. मी ऐकलं. ऐकून मारला." तुमचं वाक्य मी टॅमना इंग्रजीत सांगितलं नाही. ते विचारत होते काय म्हणाले, काय म्हणाले. मी म्हटलं, त्यांना खोकला आलाय.

नंतर कितीतरी दिवसांनी तुम्ही मध्येच विचारलंत, "त्यो म्हातारा भावाच्या थडग्याकडं जातो का कधी?" मला माहीत नव्हतं. "मग विचार." मी विचारलं. टॅम कुत्र्याच्या कानामागे खाजवत म्हणाले, दर रविवारी जातो, पण गावात कुणाला सांगू नकोस. मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही फोन कट केलात.

त्या कट झालेल्या फोनवर मी फार विसंबले, तुम्हीही आता भावाकडे जाल असं धरून चालले. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात तुमच्याकडे आले, या वेळी ओढणीचं निमित्त न करता. तुम्ही खाटेवर, उशा लावून बसलेले, छातीतून क्रशरसारखा आवाज येत होता. मी म्हटलं, "नाना, बाळकुमला चला. मी पप्पांशी बोलते. तुम्हीच शिकवलंत ना, न उडालेल्या बाराकडे पहिलं कुणी जायचं? ज्यानं भरला त्यानं."

तुम्ही हसलात. "बघा, बोलाया लागली." मग ते हसू गेलं. "जाऊन काय म्हणू? चुकलं म्हणू? मने, मी त्याचा गुडघा फोडला म्हणून तो हितनं सुटला. बसून करायची नोकरी मिळाली, बाळकुमात ब्लॉक झाला, तू इंग्लिश शाळेत गेलीस. न्हायतर हितं ताटं पुसत बसली असतीस, पत्र्यावरचे दगड मोजत. तुझं इंग्लिश माझ्या घणाचं हाय. जा, सांग जा त्याला."

काकू चुलीपाशी होती. ती म्हणाली, "लाज सोडली ह्या माणसानं."

मी उठले आणि चप्पल घातली. राग इतका की तुमच्या पाया न पडता निघाले. तुम्ही मागून हाक मारलीत, "ए मॅडम! जिभेला झालं काय परत?" मी वळले नाही. तेच आपलं शेवटचं.

काकूचा फोन आला तेव्हा पप्पा चहा पीत होते. आईने रिसीव्हरवर हात ठेवून त्यांना सांगितलं. तुम्हाला मूल नाही, भाऊ एकच. अग्नी कोण देणार, हे तिने विचारलं नाही, आणि ते त्यांना कळलं. त्यांनी कप विसळून जागेवर ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे."

तुमच्या दारात तोवर फत्तर मांडला होता. मला ही रीत ऐकून माहीत होती, बघितली पहिल्यांदाच. बाकी लोक मडक्याला भोक पाडायला वाटेवरचा खडा उचलतात आणि तोच जीवखडा म्हणून दहाव्यापर्यंत जपतात. खदानीत असा फुकटचा खडा चालत नाही. दारात काळा फत्तर ठेवायचा, मेलेल्याच्या घणाने बरोबरीच्या प्रत्येकाने एक घाव घालायचा, आणि जी कपची उडेल ती जीवखडा. त्याआधी तिरडी उचलायची नाही.

तुमचे बरोबरीचे आले. शिवरामकाका गेटवरून तसेच आले होते, निळा वॉचमनचा शर्ट, खिशाला शिट्टी. एकेकाने घण उचलला. घण दगडावर टणकन आपटायचा आणि उडून मागे यायचा. कुणाचा खांदा गेलेला, कुणाचा दम. कपची निघेना. शिवरामकाका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आरं ह्यो दगड न्हाय, नानाच हाय. ऐकतोय व्हय कुणाचं!" दोघं-तिघं हसले, मग हसू थांबलं, कारण आता घाव घालायला कुणी उरलं नव्हतं.

कुणीतरी पप्पांचं नाव घेऊन विचारलं, "बाळू येनार का?"

काकू तुमच्या उशाशी बसली होती. म्हणाली, "आला तर आला. न्हाय तर मी देते. मलाबी आग देता येते."

तेव्हा मला पप्पा दिसले. रस्त्यापलीकडे, त्या बोर्डाखाली, ऑफिसचा शर्ट घालून, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे. आत येत नव्हते, जातही नव्हते. मला त्यांच्यात टॅम दिसले. तीच रस्त्यापलीकडची जागा. आता तिरडी यांच्या समोरून जाईल, मग हे घरी येऊन टीव्हीचा आवाज वाढवतील, आणि पुढे जन्मभर कुणाला न सांगता कुठेतरी जात राहतील.

मी ओरडले. पोटातून. "पप्पाऽऽ! याऽऽ!"

सगळी वस्ती वळली. वरच्या बाल्कनीत कुणीतरी बाहेर आलं. शिवरामकाका म्हणाले, "आयला, नानाचाच आवाज काढला पोरीनं."

पप्पा आले. माझ्याकडे न बघता काठी माझ्या हातात दिली. तुमच्या चेहऱ्याकडेही त्यांनी बघितलं नाही. घण उचलला, तोच, आणि न वाकणारा पाय बाजूला टाकून तिरके उभे राहिले. पहिल्या घावाने ठिणगी पडली. रीतीप्रमाणे त्यांची पाळी संपली होती, एकाला एकच घाव. त्यांनी दुसरा घातला. तिसऱ्याला म्हणाले, "घे." चौथ्याला शिवी दिली. पप्पांच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नव्हती, आणि दिली ती तुमचीच आवडती होती. मग मला वेगळे घाव कळेनात. ते मारत होते आणि ओरडत होते, "दाणा नव्हता! सांगितलं होतं तुला! सांगितलं होतं!" थुंकी उडत होती, शर्ट पाठीला चिकटला होता, चष्मा पडून पायाखाली मोडला. आई माझा दंड इतका घट्ट धरून होती की नखं रुतली. शिवरामकाका पुढे झाले, तर काकू बसल्या जागेवरून ओरडली, "त्याला धरू नका कुणी! मारू दे!"

मग तो आवाज आला. घणाचा टणटणाट नाही, खालचा, भरलेला. फत्तर मोडलेल्या भाकरीसारखा दोन बाजूंना झाला.

शिवरामकाकांनी वाकून बघितलं. "बाळ्या, कपची पायजेल हुती रे. दगड न्हाय फोडायचा."

पप्पा धापा टाकत होते. म्हणाले, "आता घ्या कुठली पाहिजे ती."

मग त्यांनी तुमच्याकडे बघितलं, गुडघा न वाकवता, तसंच उभ्याने. तुमच्या तोंडावरचं कापड जरा सरकलं होतं. काठी मागायला माझ्याकडे हात केला. भुकटीतून एक चपटी कपची त्यांनी स्वतः निवडली. अग्नी त्यांनीच दिला.

संध्याकाळी गुडघा टम्म सुजला. मी बर्फाची पिशवी धरून बसले. पप्पांनी पिशवी जरा वर सरकवली. मग म्हणाले, "घण तोच आहे. दांडा नवीन घातलाय त्याने."

"जुना झाला असेल."

"जुना नव्हता. माझ्यावर तुटला होता."

बर्फ वितळून माझ्या मनगटावरून पाणी जात होतं. त्यांनी डोळे मिटले. "त्या दिवशी दवाखान्यात उचलून त्यानेच नेलं. वाटेत शिव्या देत होता आणि रडत होता. ते तुला सांगितलं नसेल त्याने."

नाही, नाना. ते तुम्ही सांगितलं नव्हतंत. काचा फोडल्यात, घण मारलात, बार उडवलेत, सगळं ओरडून सांगितलंत. हे एक तेवढं गिळलंत.

आता माझं उत्तर. तेव्हा दारात सुचलं नाही, आता सुचलंय. माझं इंग्रजी तुमच्या घणाचं नाही. तुम्ही गुडघा फोडलात, तिथं तुमचं काम संपलं. त्या गुडघ्यावर शाळेच्या अ‍ॅडमिशनच्या रांगेत पहाटेपासून उभे राहिले ते पप्पा. तुम्ही तोडलंत, चालले ते. पण ओरडायला तुम्ही शिकवलंत, आणि तुम्ही शिकवलं नसतं तर ते त्या दिवशी रस्त्यापलीकडेच राहिले असते. हे दोन्ही खरं आहे. यातलं एक पुढे करून मी दुसरं माफ करणार नाही, आणि एकासाठी दुसरं विसरणारही नाही. भांडायचं असेल तर भांडा. मी या वेळी चप्पल घालून निघणार नाही.

फत्तराचा एक तुकडा पप्पांनी रिक्षात घालून बाळकुमला आणला. आईने कपाळावर हात मारला, "मयताचा दगड कुणी घरी आणतं का?" मग तो दाराबाहेर, चपलांच्या रॅकपाशी ठेवला. फुटलेली बाजू वर आहे, सपाट. सकाळी ऑफिसला निघताना पप्पा त्यावर बसतात, डावा पाय सरळ पुढे टाकतात आणि बूट घालतात. शेजारच्यांनी विचारलं, हे काय नवीन. पप्पा नाडी बांधत म्हणाले, "माझ्या भावाचा आहे."